अंताजीकाकांचं रात्रीचं वर्तमान

अंताजीकाकांचा झोपेवर विश्वास नव्हता. देवावर होता, कोर्टावर तर फारच होता, आणि आगगाडी ठाण्याला येऊन पंचवीस-तीस वर्षं झाल्यावर तिच्यावरही हळूहळू बसायला लागला होता. पण झोपेवर नाही. माणूस झोपला म्हणजे त्याचा सगळा कारभार दुसऱ्याच्या हातात गेला, असं त्यांना वाटे. त्यामुळे स्वतः झोपले तरी ते कधी कबूल करत नसत. देवळात कीर्तन ऐकताना त्यांची मान छातीवर पडलेली असे, श्वास संथ लागलेला असे, आणि कोणी खांद्याला हात लावला की डोळे न उघडता म्हणत, "डोळे मिटलेत. कान उघडे आहेत." वर पुरावा म्हणून बुवांचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवत. एकदा बुवांचं शेवटचं वाक्य "पाण्याचा तांब्या द्या" असं होतं. काकांनी तेही बुवांच्याच आवाजात म्हणून दाखवलं.

ठाण्याला तळ्याच्या मागच्या आळीत आमचं घर होतं. त्याला लागून काकांची खोली, अंगण दोघांना एकच. नात्याने ते आमचे कोणी नव्हते. सगळी आळीच त्यांना काका म्हणे. बायको फार पूर्वी वारली होती, मूलबाळ नव्हतं, हाताने रांधून खात. तीस वर्षं कोर्टात साक्षीदारांच्या जबान्या लिहून घेण्याचं काम केलं होतं. नोकरी संपली, पण ते काम काही संपलं नव्हतं. समोर येईल तो माणूस त्यांना साक्षीदारच वाटे. काहीही सांगायला जा, पहिला सवाल ठरलेला: "पाहिलंत की ऐकलंत?"

भाजीवाली म्हणे, "काका, भेंडी आज सकाळी तोडलेली हाय."

"तोडताना पाहिलंस की ऐकलंस?"

"माज्या नवऱ्यानं तोडली."

"म्हणजे ऐकलंस." मग काका ती भेंडी घेत, पण ऐकीव भेंडी म्हणून घेत.

एकदा अशी हूल उठली की येऊरच्या डोंगरातून वाघ उतरून तळ्यावर पाणी प्यायला आला होता. आळीतल्या बायका भरदुपारी दारं लावून बसल्या. काका छत्री घेऊन निघाले. ज्याने सांगितलं त्याला कोणी सांगितलं, आणि त्याला कोणी, असं करत ते नऊ घरं फिरले. नववं घर धोब्याचं निघालं. धोबी म्हणाला, वाघाचं मी कुठं बोललो? माझं गाढव काळोखात बुजलं, एवढंच बोललो. कशाने बुजलं? तर तळ्याकाठी कोणीतरी मोठ्यांदा शिंकलं. संध्याकाळी काका आमच्या ओटीवर आले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "दामोदर, काल तळ्यावर फिरायला गेला होतास काय?"

"गेलो होतो."

"शिंकलास?"

"हो, पडसं झालंय."

"मग वाघ तू," असं म्हणून काका आपल्या खोलीकडे गेले.

आता माझं सांगतो. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, मराठी शाळेत जात होतो, आणि मला झोपवणं हा आमच्या घरातला रोजचा रणसंग्राम होता. जेवणं झाली, आईने अंथरुणं घातली, की मला तहान लागे. पाणी प्यालं की परसात जायचं असे. तिथून आलं की पायाला मुंगी चावलेली असे. मुंगीचं निवारण झालं की उद्याची कविता पाठ नसल्याचं आठवे. आईने तळपायांना तेल चोळून पाहिलं, दुधात जायफळ उगाळून पाहिलं. जायफळाचं दूध मला फार आवडे. ते पिऊन मला चांगलीच हुशारी वाटे.

मग माझे वडील, म्हणजे दादा, हे काम अंगावर घेत. दादा कचेरीत कारकून होते, दिवसभर लिहून थकून येत. ते माझ्या शेजारी आडवे होत, "डोळे मीट, एक शब्द बोलू नकोस," असं दरडावत, आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागत. मी हळूच उठून माजघरात जाई आणि आईला सांगे, "आई, दादा झोपले."

बागुलबुवाचा धाकही घालून झाला. मी विचारलं, "पाहिलात की ऐकलात?" हे मी कोणाकडून शिकलो ते सगळ्यांना कळलं, आणि त्या दिवशी दादा काकांवर थोडे रागावले.

एका संध्याकाळी मी असाच ओटीवरच्या खांबाला मिठी मारून बसलो होतो. दादा ओरडत होते, आई विनवत होती. काका अंगणातून वर आले.

"दामोदर, या आरोपीचं म्हणणं कोणी लिहून घेतलंय का?"

"त्याचं कसलं आलंय म्हणणं! झोपायचं नाही, हेच म्हणणं."

"हे तू सांगतोस. त्याच्या तोंडून ऐकलंस?"

काका माझ्यासमोर मांडी घालून बसले. लहान मुलांशी बोलताना मोठी माणसं आवाज बारीक करतात तसा त्यांनी केला नाही. कोर्टातला जाडा आवाज काढला.

"नाव?"

"वासू."

"पूर्ण."

"वासुदेव दामोदर."

"वासुदेव दामोदर, का झोपत नाहीस?"

हा प्रश्न तोपर्यंत मला कोणीच विचारला नव्हता. झोप, एवढंच सगळे सांगत. मी खांब सोडला आणि खरं ते सांगून टाकलं. "मी झोपलो की मग तुम्ही सगळे काहीतरी करता."

आई पदराआड हसली. दादा उगीचच खाकरले. काका हसले नाहीत.

"काय करतात?"

"ते मला कसं कळणार? मी झोपलेला असतो ना!"

काकांनी दादांकडे पाहिलं. "मुद्दा बिनतोड आहे. याच्या गैरहजेरीत घरात काय घडतं ते याला कळलं पाहिजे. वासू, असं करू. तू वेळेवर आडवा हो. तुझ्या जागी मी बसतो. घरातले दिवे मालवेपर्यंत जे घडेल ते लिहून ठेवीन आणि सकाळी शाळेत जाण्याआधी तुला वाचून दाखवीन. कबूल?"

"सगळं लिहायचं?"

"डोळ्यांनी पाहीन ते सगळं."

मी कबूल झालो. त्या संध्याकाळी पाणी नाही, मुंगी नाही, देवळातली शेजारतीची घंटा ऐकू यायच्या आत मी झोपलो. आई नंतर सांगे, की मी झोपल्यावर ती आणि दादा कितीतरी वेळ माझ्याकडे बघत बसले होते, आणि काका त्या दोघांकडे बघत लिहीत बसले होते.

सकाळी दात घासून मी ओटीवर हजर झालो. काकांनी कागद काढला, चष्मा नाकावर ठेवला आणि वाचायला सुरुवात केली.

"वासुदेव निजला. दामोदर याने दोन जांभया दिल्या व 'चला' असे म्हटले, परंतु कोठे गेला नाही. सूनबाईंनी ताकाचे भांडे झाकले. मांजर आले. हाकलले. पुन्हा आले. या मांजरास हाकलून उपयोग नाही, असे सूनबाईंचे म्हणणे. नंतर सूनबाई परसात गेल्या असता दामोदर याने फडताळ उघडून बेसनाचा एक लाडू खाल्ला व मिशा पुसल्या."

मी उडी मारून उठलो. "बघा! मी म्हणत नव्हतो? लाडू!"

आई आतून बाहेर आली. "तरीच! मी मोजून ठेवले की एक कमी भरतोच. मी मेली त्या मांजराला बोल लावते."

दादांनी काकांकडे अशा नजरेने पाहिलं की दुसरा कोणी असता तर कागद गिळला असता. काकांनी शांतपणे पुढचं वाक्य वाचलं. "लाडू लहान होता."

त्या दिवसापासून फडताळातल्या लाडवांत माझा वाटा बाजूला ठेवला जाऊ लागला, आणि मी रोज वेळेवर झोपू लागलो. काका जेवण उरकून यायचे, ओटी आणि माजघर यांच्या मधल्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसायचे. आईला पहिले काही दिवस अवघडल्यासारखं झालं. मग तिलाही सवय झाली. भांडी आवरताना ती काकांशी बोलायची, तिच्या माहेरची, आता कोणी उरलं नव्हतं त्या माणसांची आठवण काढायची. काका म्हणायचे, "सूनबाई, हे लिहू का?" ती म्हणायची, "लिहा की." असं माझ्या कधी न पाहिलेल्या आजोळचं बरंच वर्तमान मला सकाळी उठल्यावर कळलेलं आहे.

पण सगळंच काही असं गोड नव्हतं. एका सकाळच्या वर्तमानात असं वाक्य आलं: "वासुदेव याच्या मास्तरांना ऱ्हस्वदीर्घ कळत नाही, असे दामोदर याचे म्हणणे. दोन वेळा म्हणाला." त्याच दिवशी मास्तरांनी माझ्या पाटीवरचा 'पिता' खोडला आणि दीर्घ करून दिला. मी उभा राहिलो आणि भर वर्गात सांगितलं, "मास्तर, तुम्हाला ऱ्हस्वदीर्घ कळत नाही असं आमच्या दादांचं म्हणणं आहे. दोन वेळा म्हणाले."

संध्याकाळी मास्तर आमच्या ओटीवर. उंच, हाडकुळे, पागोटं कपाळापर्यंत ओढलेलं. दादा खांद्यावर उपरणं घ्यायला म्हणून आत गेले ते लवकर बाहेर येईनात. शेवटी आले आणि म्हणाले, "पोर आहे, मास्तर. कुठून तरी काहीतरी ऐकतं आणि बोलतं."

"ऐकीव नाही," उंबऱ्यावरून काका म्हणाले. "मी समक्ष हजर होतो. दामोदर म्हणाला. दोन वेळा म्हणाला. लेख आहे."

"बघू लेख," मास्तर म्हणाले.

काकांनी कागद आणून दिला. मास्तरांनी तो दिव्याजवळ धरला, वरपासून खालपर्यंत वाचला, मग खिशातून शिसपेन काढली आणि काकांच्या त्या वळणदार अक्षरात एक, दोन, तीन ठिकाणी दुरुस्त्या केल्या. "'वासुदेव' मध्ये सु ऱ्हस्व. 'दीर्घ'चा दी तुम्ही ऱ्हस्व लिहिलाय. आणि 'म्हणाला' असं लिहितात, 'म्हाणाला' नाही."

तीस वर्षं कोर्टात ज्यांच्या कागदाला कोणी बोट लावलं नव्हतं, ते काका कागदाकडे बघत राहिले. मग मास्तरांना म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण मग मुलाचा 'पिता' का खोडलात?"

मास्तरांनी शिसपेन खिशात ठेवली. "घाईत," ते म्हणाले. आणि मग कोणी आधी ते ठाऊक नाही, पण तिघंही हसायला लागले. आईने पोहे केले. मास्तर उशिरा गेले. अर्थात मी तोवर झोपलो होतो, हे सगळं मी पाहिलं नाही; दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानात आलं. त्यात 'म्हणाला' हा शब्द अकरा वेळा होता आणि अकराही वेळा शुद्ध होता.

तरी दादांनी वर्तमान बंद केलं. "घरातलं बोलणं शाळेत जातं, उद्या कचेरीत जाईल," असं त्यांचं म्हणणं. काकांनी पाट उचलून ठेवला आणि ते आपल्या खोलीत गेले. मग तीन दिवस मी झोपलो नाही. म्हणजे शेवटी झोपे, पण घरातल्या सगळ्यांना दमवून. तिसऱ्या दिवशी दादा कचेरीत जमिनीच्या कागदावर मान टाकून झोपले आणि साहेबाने पाहिलं. त्यांना काकांसारखं 'डोळे मिटलेत' म्हणण्याचं सुचलं नाही. संध्याकाळी घरी आले ते चपला न काढता तसेच काकांच्या दाराशी गेले.

"काका, या. पण काही गोष्टी लिहायच्या नाहीत."

"खोटं लिहिणार नाही."

"खोटं लिहा असं कुठं म्हणतोय? लिहूच नका."

त्याप्रमाणे काका लिहू लागले: "येथे काही बोलणे झाले. ते लिहू नये असा हुकूम आहे." ते वाक्य ऐकून माझ्या जिवाची जी घालमेल होई ती मला अजून आठवते. पण करार म्हणजे करार.

त्याच वर्षी मार्गशीर्षात कल्याणहून गंगूआत्या आली. गंगूआत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. तिला सगळ्या गोष्टी तोंडाने बोलून करायची सवय होती. तांदूळ निवडताना तांदळाशी, दिवा लावताना दिव्याशी बोले. तिचं माझ्याबद्दलचं मत दाराशी पाऊल टाकतानाच तयार होतं. "दिवे लागले की पोरं आडवी. त्यात काय लिहायचंय नि वाचायचंय? आमची सहा पोरं कोणी लिहून झोपवली?"

आई जड पावलांनी चालत असे, पण का, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं की सांगत, "पोट दुखतं." मला वाटे, लाडू तर दादा खातात.

एका संध्याकाळी मी खेळून आलो तर घर काहीतरी वेगळंच होतं. मागच्या खोलीचं दार लोटलेलं, चुलीवर मोठं भांडं, दादा अंगणात येरझारा घालत होते. कोळीवाड्यातली हिरू सुईण आपलं गाठोडं घेऊन आत जाताना मी पाहिली. आत्याने मला जेवायला वाढलं, तिच्या मानाने फारच कमी बोलून, आणि म्हणाली, "आज काकांच्या खोलीत झोपायचं. चल."

"का?"

"का म्हणजे? झोपायचं."

"आई कुठाय?"

"आहे. आईला काही झालेलं नाही. जा बघू."

ज्या अर्थी काही झालेलं नाही असं आत्या सांगत होती त्या अर्थी काहीतरी नक्की होतं. मी ओटीवरच्या खांबाला मिठी मारली. आत्याने ओढलं, मी सोडलं नाही. दादा धावून आले, माझी बोटं एकेक करून सोडवू लागले. त्यांचे हात थंडगार होते. ते लागल्यावर मी मोठ्याने रडायला लागलो.

काका आपल्या दारातून पाहत होते. ते आले आणि माझ्याजवळ खाली बसले.

"वासू, तुझ्या आईला बाळ व्हायचंय. आज होईल, नाहीतर उद्या सकाळी. आईला त्रास होतो आहे. सुईण शहाणी आहे."

"अहो काका!" आत्या ओरडली. "पोराला हे काय सांगता? नको ते डोक्यात घालून देता! सकाळी उठेल तेव्हा कळेलच की जे काय ते."

काका उठून उभे राहिले. मी त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, तेव्हाही त्यांनी चढवला नाही.

"गंगूबाई, मी सात वर्षांचा होतो. आमच्या गावात पटकीची साथ आली होती. मला संध्याकाळी शेजाऱ्यांकडे झोपायला पाठवलं. आईला काही झालेलं नाही म्हणाले. मी शहाण्यासारखा झोपलो. सकाळी घरी आलो तर घर सारवलेलं होतं आणि आई नव्हती. मामाकडे गेली, असं सांगितलं. मला वाटलं, येईल. मामाच्या गावाहून कोणी आलं की मी विचारायचो, आमची आई पाहिलीत का? लोक दुसरीकडे बघायचे. असं किती दिवस चाललं ते मला ठाऊक नाही. शेवटी कोणी सांगितलं नाहीच. माझं मलाच कळलं." ते थांबले. "शेवटी ती काय बोलली, मला हाक मारली की नाही, कोणाला ठाऊक असेल तर ते सगळे आता गेले. मी झोपलो होतो."

चुलीवर पाणी उकळत होतं ते ऐकू येत होतं. दादांनी माझी बोटं सोडली.

"काकांना सांगू दे," दादा म्हणाले.

काका परत माझ्याजवळ बसले. "आता ऐक. तू माझ्या खोलीत झोप. मी इथे ओटीवर बसतो. बाळ झालं की तुला उठवीन. आईला काही कमीजास्त झालं, तरीही उठवीन. चांगलं असो, वाईट असो, तू झोपलास म्हणून तुला कोणी काही चुकवणार नाही. हे मी सांगतो आहे."

मी खांब सोडला. काकांनी मला उचललं नाही, हात धरून चालवत नेलं. त्यांच्या घोंगडीवर मी आडवा झालो. भिंतीपलीकडून मधूनच आईचा आवाज यायचा, मग हिरूचा. मला वाटलं होतं, आज झोप येणारच नाही. पण काका आहेत हे आठवत आठवतच मी झोपलो.

उठवलं तेव्हा खिडकीत उजाडत होतं. काकांचा हात माझ्या खांद्यावर होता. त्यांचे डोळे लाल होते, डोक्याला मफलर गुंडाळलेला होता.

"ऊठ. तुला बहीण झाली."

"आणि आई?"

"बरी आहे, असं सुईण म्हणते." असं म्हणून ते दाराकडे बघायला लागले. मग खाली वाकून अगदी हळू म्हणाले, "मला आत जाता येत नाही, वासू. तू जा. उंबऱ्याशी उभा राहा. आईशी बोल. ती बोलते का बघ आणि मला येऊन सांग."

मी अंगण ओलांडून पळत गेलो. आत्या मागच्या खोलीच्या दारातच होती, तिने मला अडवायला हात पुढे केला आणि परत घेतला. आत अंधार होता, शेगडीचा उजेड तेवढा. हिरू म्हणाली, "ये रे पोरा. लांबून बघ. दोघी बऱ्या हायत." आई भिंतीशी निजली होती. तिच्या कुशीत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लाल होतं, आणि ते माझ्यापेक्षाही मोठ्या आवाजात रडत होतं. आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी परत पळत अंगणात आलो. काका विहिरीजवळ उभे होते.

"बोलली?"

"हो."

"स्वतः? तुझ्याशी?"

"हो. म्हणाली, दात घासलेस का?"

काकांनी डोळे मोठे केले. "असंच म्हणाली? आवाज कसा होता?"

"बारीक. पण रागावलेला. म्हणाली, पारोसा इथे येऊ नकोस."

"रागावली," काका म्हणाले. "रागावली म्हणजे उत्तम. फारच उत्तम." आणि ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी मफलर सोडला, तोंड फिरवलं आणि विहिरीच्या कट्ट्यापाशी उकिडवे बसले. "जरा तोंड धुतो," म्हणाले.

गंगूआत्या मागच्या दारातून बाहेर आली. तिने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, रहाटावरचा दोर सोडला आणि बादली वर ओढली. काकांनी ओंजळ पुढे केली. तिने पाणी घातलं. त्यांनी तोंड धुतलं. पुन्हा ओंजळ पुढे केली. तोंड स्वच्छ झालं तरी ते धूतच राहिले, आणि आत्या एक शब्द न बोलता पाणी घालत राहिली.